पहिली उठणारी

मला बसता येत नाही. पाठ दुखत नाही, मूळव्याध नाही, गुडघे शाबूत आहेत. तरी कुठेही बसले की दहा-बारा मिनिटांत, फार झालं तर पाऊण तासात, मी उभी असते, आणि कधी उठले ते मलाच कळलेलं नसतं. लग्नात पंगतीला बसले की ताक यायच्या आत आमटीची बादली माझ्या हातात आलेली असते. दशावतारी नाटक मी आजवर शेवटपर्यंत पाहिलेलं नाही. राक्षस मेला का, ते दुसऱ्या दिवशी शेजारीण सांगते.

गेल्या वर्षापर्यंत याचा मला काही त्रास नव्हता. उलट लोक कौतुक करायचे. मालवणहून धामापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. तिथल्या अंगणवाडीत मी पंधरा वर्षं मदतनीस होते. मदतनिसाने उभंच राहायचं असतं. झाडायचं, पाणी भरायचं, घरोघर जाऊन पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, भांडी घासायची. बसायचं काम सेविकेचं. रजिस्टर तिने लिहायचं, मोबाइलमध्ये माहिती तिने भरायची, पत्रं तिने वाचायची. आमच्या सेविका बाई निवृत्तीला आल्या होत्या. एक दिवस पोरं घरी गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "मी पुढच्या मे अखेर सुटतंय. तू बारावी करून घे."

"ह्या वयात?"

"वय विचारूक नाय मी. बारावी विचारलंय. बारावी पास असलंस तर आधी तुझो विचार होतलो. नायतर भायरून कोणतरी येतली, आणि तू तिका रजिस्टर कसा भरूचा ता शिकवतलंस, आणि मगे तिच्याच पायाखालचो केर काढतलंस."

बाईंना गोड बोलायची सवय नव्हती, म्हणून आमचं जमायचं. त्या म्हणाल्या ते खरंच होतं. बाईंचे डोळे अधू झाल्यापासून अर्धी रजिस्टरं मीच भरत होते, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून, उभ्याने. पोरांची वजनंही माझ्याच हाताने व्हायची. काट्याच्या झोळीत घालायच्या आधी मी पोर उचलून सांगायची, सात किलो नऊशे. काटा आठ दाखवायचा, नाहीतर सात आठशे. बाई म्हणायच्या, काटो बिघडलो तरी चलात, तू बिघडा नको. एकदा एका मुलीला उचलल्याबरोबर मला कळलं की ही मागच्या महिन्यापेक्षा हलकी आहे. आई म्हणत होती, नाही, चांगली जेवते. वजन पाऊण किलो उतरलेलं निघालं.

हा हात मला आंब्यांनी दिला. माझं माहेर मिठबाव. सहावीत असल्यापासून मी आईबरोबर एका बागायतदाराच्या शेडमध्ये आंब्याच्या पेट्या भरायला जात होते. शाळेच्या दिवशी पहाटे सहा ते दहा, रविवारी दिवसभर, आणि सुट्टी लागली की सगळाच वेळ. फळ घ्यायचं, देठ बघायचा, डाग बघायचा, हातात तोलायचं आणि पेंढ्यावर लावायचं. दोन-तीन मोसमांत तळहाताला काटा फुटतो. चिकाचे डाग मनगटावर अजून आहेत. पण मी याचं रडगाणं गात नाही. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली काही ना काही करत होत्या, कोणी काजू, कोणी सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलायला. घरात खाणारी तोंडं होती आणि बागेत काम होतं, एवढंच.

त्या शेडची एक रीत मात्र सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अडलं. मजुरी पेटीमागे होती. फळं आकाराप्रमाणे वेगळ्या ढिगांत असायची. मोठं फळ असलं की पेटीत चार डझन मावायची, बारीक असलं की सहा डझन. मजुरी दोन्हीला सारखीच. तेव्हा ज्या बाईची पेटी आधी भरेल तिने उठायचं आणि जाऊन मोठ्या फळाच्या ढिगाजवळ बसायचं. जी उशिरा उठली तिच्या वाट्याला बारीक फळ, म्हणजे पेटी भरायला आणखी वेळ, म्हणजे पुढच्या खेपेलाही तिला उशीरच. एकदा मागे पडलात की दिवसभर मागे. त्यामुळे सगळ्याजणी एक गुडघा उभा करून बसायच्या. आई मला सांगायची, "फळाकडे बघ, पण एक डोळो बाजूच्या पेटयेर ठेव." मी तेरा वर्षांची होईपर्यंत शेडमध्ये पहिली उठणारी झाले होते. थोराड बाया मला शिव्या घालायच्या. "गेला बघ ह्या चेडू! ह्येच्या ढुंगणाक इंगळी चावली काय गो?" मला त्याचा फार अभिमान होता.

बारावीला बाहेरून बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला. इंग्रजी, मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र असे विषय घेतले. अभ्यासाचं मला भय वाटलं नाही. चुलीजवळच्या फळीवर पुस्तक उभं करून ठेवायचं आणि भाकऱ्या थापता थापता वाचायचं. वाचलेलं राहतही होतं. लिहायला बसायची वेळ आली तेव्हा खरी गोष्ट कळली.

माझे यजमान मालवणात रिक्षा चालवतात. डिसेंबरात पर्यटकांमुळे त्यांना जेवायलाही फुरसत नसते. तरी एका सकाळी त्यांनी पडवीत टेबल मांडलं, मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका आणून दिली, मोबाइलवर तीन तास लावून दिले आणि धंद्यावर गेले. जेवायला आले तेव्हा मी परसात नारळ सोलत होते.

"पेपर?"

"झालो."

"तीन तासांचो?"

"माका पाऊण तास पुरलो."

त्यांनी वही उचलून पाहिली. अडीच पानं भरलेली होती. "पाऊण तासात बारावी! सरकारान मगे दोन वर्सा कित्याक ठेवल्यानी गो? तुका दाव्यान बांधूक व्हयी, म्हशीसारख्या."

मी हसले, पण आतून चरकले. त्या पाऊण तासात नेमकं काय झालं ते मला आठवत होतं. तिसरा प्रश्न लिहिता लिहिता पायाची बोटं जमिनीला रुतायला लागली. कोणीतरी माझ्याआधी उठणार आहे असं वाटायला लागलं. पडवीत मांजराखेरीज कोणी नव्हतं. उत्तर अर्धं झालं होतं आणि माझं मन "बास, भरली" म्हणत होतं.

पुढचे दोन महिने मी सराव केला. बाई पोरं गेल्यावर मला अंगणवाडीत बसवायच्या आणि दाराला बाहेरून कडी घालायच्या. आतून मी म्हणायची, "बाई, खिचडीचा टोप भिजत घालूक व्हयो." बाहेरून उत्तर यायचं, "भिजता तो. तू लिही." अशाने एक तास वीस मिनिटांपर्यंत मजल गेली. आम्हा दोघींना ती पुष्कळ वाटली. पेपर तीन तासांचा, वर आता दहा मिनिटं जादा देतात. पोरांना ती बक्षीस वाटतात. मला ती शिक्षाच वाटत होती.

पहिलाच पेपर इंग्रजीचा होता, सकाळी अकराला. केंद्र मालवणात. माझ्या खोलीत सगळी अठरा वर्षांची मुलं, मला पाहून दोघी उभ्याच राहिल्या, त्यांना वाटलं पर्यवेक्षक आल्या. मी बसले, लिहायला लागले. उतारे आले, व्याकरण आलं, कवितेचं आलं. हात भराभर चालत होता. साडेबाराच्या सुमारास शेवटच्या ओळीला टिंब दिलं आणि पुढची आठवण म्हणजे मी पर्यवेक्षकांच्या टेबलाशी उभी आहे आणि ते म्हणताहेत, "झाला? नक्की? एकदा पाहून घ्या."

"पाहिला सर."

पाहिला नव्हता. मी खोलीतून पहिली बाहेर पडले. आणि खरं सांगते, जिना उतरताना मला छान वाटत होतं. मोठ्या फळाच्या ढिगाकडे निघाल्यासारखं.

गावाकडची गाडी उशिराच होती. दोन वाजून गेल्यावर एसटी स्टँडवर आमच्याच खोलीतली एक मुलगी भेटली. तिने सहज विचारलं, "काकी, तुम्ही पत्र कुठलं घेतलंत? आणि मुलाखतीचे प्रश्न?"

"कसलं पत्र?"

तिने तिची प्रश्नपत्रिका उलटून दाखवली. लेखनाचा अख्खा विभाग शेवटच्या पानांवर होता. मी ती पानं उलटलीच नव्हती. मला पत्र येत होतं. तीन नमुने पाठ होते, भाकरीच्या पिठाने माखलेले.

गाडी आली. आत जागा होती तरी मी गावापर्यंत दांडी धरून उभी राहिले.

बाकीच्या पेपरांना मी दोन तासांपर्यंत तग धरला. निकाल आला तेव्हा सगळे विषय सुटले होते, इंग्रजीत चार गुण कमी. बाई मे अखेर सुटल्या. भरतीची जाहिरात अजून निघायची होती. ती जुलै-ऑगस्टात निघेल असं तालुक्याच्या कचेरीत सांगत होते. सरकारी काम रेंगाळतं म्हणून आयुष्यात एकदाच मी देवाचे आभार मानले. पुरवणी परीक्षा जुलैत होती. तिथे इंग्रजी सुटलं तर अर्ज करता येणार होता. नाही तर नाही. गावातली एक सून, पदवीधर, अर्ज भरायला टपून होती. तिचाही दोष नाही, मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं.

जूनच्या सुरुवातीला मी मिठबावला आईकडे गेले. आई आता सत्तरीपलीकडे आहे, ऐकायला कमी येतं, जीभ चांगली चालते. ती पडवीत सुपात आमसुलं निवडत होती. मी तिला निकाल सांगितला आणि मग, राग होता म्हणून, जे कधी बोलले नव्हते ते बोलले. दहावीच्या गणिताच्या पेपराला मी खिडकीजवळ बसले होते. तास-सव्वा तास झाला असेल. बाहेर कुंपणाशी आई येऊन उभी राहिलेली दिसली, डोक्यावर टॉवेल, शेडमधून थेट आलेली. मोसम जोर धरत होता. मी समजले, बोलवायला आली. भूमितीचा प्रश्न तसाच टाकून मी पेपर दिला आणि तिच्याबरोबर शेडवर गेले. गणित काठावर सुटलं, पुढे अकरावीला कोणी घातलं नाही आणि मीही मागितलं नाही.

"तू माका पेपरातून उठवलंस," मी म्हटलं. "तेव्हापासून माका ही खोड लागली."

आईचा हात थांबला. "मी उठवलंय?"

"कुंपणार येऊन उभी रवलंस ती कित्याक?"

"कित्याक म्हणजे? तुका सोलकढी घेऊन इल्लंय! सकाळी कायएक खाल्लं नाय होतंस. म्हटला, सुट्टी झाली की देऊया. तू आपणच भायर इलंस, म्हणालंस, पेपर झालो, चल."

"मगे माका परत कित्याक धाडूक नाय? अर्धो पेपर रवलो होतो."

"माका काय म्हायत, पेपर कितको मोठो आसता तो!" आई आता चिडली होती. "मी कधी बसलंय पेपराक? तू म्हणालंस झालो, म्हणजे झालो. तू शेडमदी पण सगळ्यांच्या आधीच उठायचंस. माका वाटला, माझा चेडू हुशार, हय पण पयला उठला."

मला सोलकढी आठवत नाही. शेडकडे जाताना आईने काही पाजल्याचं आठवत नाही. तिची आठवण सत्तरीतली, माझी पंधरा वर्षांच्या मुलीची. दोन्हींवर मी पैज लावणार नाही. पण शेवटचं वाक्य खरं होतं. आमच्या घरात पेपर किती मोठा असतो हे माझ्याखेरीज कोणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं, तीन तास हे प्रश्नपत्रिकेवर छापलेलंच असतं. तरी मीही तिच्यासारखंच धरून चालले की पहिली उठली ती हुशार. शेडमध्ये ते खरं होतं. शेडबाहेर ते खरं नसतं, हे सांगायला कोणी नव्हतं, आणि मी कोणाला विचारायला थांबलेही नव्हते.

आई परत आमसुलं निवडायला लागली आणि म्हणाली, "आता त्या पेपराक मी येव काय? दारात बसतंय."

"नको गो बाई," मी म्हटलं. "तू दिसलंस तर परत उठान."

त्यावर आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता मी तिच्या हातातलं सूप घेऊन आमसुलं पाखडायला लागले, उभ्याने.

जुलैच्या पेपराला मी एक युक्ती केली. वर्गातली बाकं जुनी होती, फळीला फट होती. बसल्याबरोबर मी पदराचं टोक फटीतून खाली घातलं आणि खालून त्याला घट्ट गाठ मारली. उठायला गेलं की पदर खेचला जाईल, एवढाच हिशेब. पहिलं पान उलटलं, मग शेवटचं पान उलटून पाहिलं आणि पत्र सगळ्यात आधी लिहून टाकलं. तासाभराने पहिला हिसका बसला. मी खाली बसले. दहा मिनिटांनी दुसरा. पुढच्या बाकावरचा मुलगा मागे वळून बघायला लागला. तिसऱ्या हिसक्याला पर्यवेक्षक सर चालत आले. तरुण होते, माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान.

"पदराला काय बांधलंय तुम्ही?"

"मीच आहे सर."

"म्हणजे?"

"मी उठून जाते, म्हणून बांधलंय."

त्यांनी बाईमाणसाला बोलावलं. शिपाई बाई आल्या, त्यांनी गाठ सोडली, पदर उलटासुलटा करून पाहिला, आत काहीच नव्हतं. सर ओशाळले. "बसा, लिहा," म्हणाले. शिपाई बाईंनी जाताना पदर परत फटीतून घालून गाठ मारून दिली आणि हळूच म्हणाल्या, "बस गो बाय. कोण खंय जाता?"

साडेबाराला मुलं उठायला लागली. एकेक बाक सरकण्याचा आवाज माझ्या पोटऱ्यांत जात होता. लिहायचं तसं संपलं होतं. मी पहिल्या पानापासून परत वाचायला घेतलं, आणि वाचताना दोन चुका सापडल्या, मग एक राहिलेला उपप्रश्न सापडला, मग पत्रातला पत्ताच लिहायचा राहिला होता तो सापडला. इतक्या वर्षांत मी स्वतःचं केलेलं काम परत कधी पाहिलं नव्हतं. पेटी भरली की तिला झाकण, आणि झाकण लागलं की पुढची पेटी. नीट भरली का, ते मुंबईत उघडणाऱ्याने बघायचं.

घंटा झाली तेव्हा खोलीत आम्ही चौघं होतो. सरांना माझ्याकडून पेपर मागून घ्यावा लागला.

इंग्रजी सुटलं, मोठ्या फरकाने नाही, पण सुटलं. मी अर्ज केला, त्या सुनेनेही केला, आणि सेविकेची नेमणूक मला मिळाली. सून मदतनीस म्हणून यायला तयार नव्हती, ते बरंच झालं. दुसरी एक बाई आली, शांत आहे, काम नेटकं करते.

लोक आता विचारतात, मग गेली का खोड? नाही गेली. तीन तास बसायला एकदा जमलं म्हणजे शरीर बदललं असं नाही. सेविका झाल्यावर पहिला आठवडा मी बाईंच्या खुर्चीवर बसून पाहिलं. मदतनीस झाडत असे आणि मी पेन टाकून तिच्या हातातला झाडू घ्यायला जात असे. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "बाई, मी काम करूचा की नको, ता एकदाचा सांगा." तिचं बरोबर होतं. त्या शनिवारी मी गावातल्या सुताराला बोलावलं आणि खिडकीखाली कोपरापर्यंत उंचीची एक रुंद फळी भिंतीला ठोकून घेतली. रजिस्टरं त्या फळीवर, मोबाइल तिथेच. पान भरलं की मी ते पहिल्यापासून परत वाचते, आणि मगच पुढचं उलटते. एवढं मात्र मी स्वतःला लावून घेतलं आहे.

मध्यंतरी सुपरवायझर मॅडम तपासणीला आल्या. रजिस्टरं पाहिली, पोरांचे तक्ते पाहिले, सगळं ठीक होतं. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं.

"सेविकेची खुर्ची कुठे आहे?"

"बाहेर ठेवलीय मॅडम, व्हरांड्यात. नातवंडांना न्यायला म्हाताऱ्या येतात, त्यांना बसायला लागते."

"आणि तुम्ही?"

"मी इथे आहे ना," मी म्हटलं आणि सहीसाठी रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी उभ्याउभ्याच सही केली.